दहा वजा चार अधिक तीन

पडद्यावर ३ आले होते. मी १० − ४ + ३ टाकलं होतं, उत्तर ९ यायला हवं होतं, आणि माझ्या हातचा, तीन आठवडे खपून लिहिलेला प्रोग्रॅम ठामपणे ३ म्हणत होता. रात्रीचे साडेअकरा झाले असतील. मुलगा झोपला होता, नवरा ड्यूटीवर होता, हुगळीवरून एखाद्या बोटीचा भोंगा मधूनच येत होता. मी पुन्हा टाकलं. पुन्हा ३. आणि तेव्हा मला एका मुलीची आठवण झाली.

तिच्याकडे येतेच, पण आधी मी तिथे कशी पोचले ते सांगते.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. बी.एस्सी., बी.एड., गणिताची शिक्षिका. नवरा सैन्यात, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी सामान काळ्या ट्रंकांत भरायचं आणि नव्या गावी नवी शाळा शोधायची. कुठे वर्षभर मिळायची, कुठे नुसतीच रजेवरच्या बाईंच्या जागी तीन महिने. २०१७ साली आम्ही कोलकात्याला आलो आणि फोर्ट विल्यममध्ये क्वार्टर मिळालं. आतल्या गोष्टी मी लिहिणार नाही, ती लष्कराची जागा आहे. बाहेरून सगळ्यांना दिसतं तेवढं सांगते. एका अंगाला पसरलेलं मैदान, त्यातून तेव्हा जाणारी खिदिरपूरची ट्राम, दुसऱ्या अंगाला नदी. किल्ला अष्टकोनी आहे, पाच बाजू जमिनीकडे आणि तीन नदीकडे. प्लासीनंतर क्लाइव्हने तो बांधायला घेतला आणि १७८१ मध्ये पुरा झाला. हाच क्लाइव्ह त्याआधी, १७५६ च्या फेब्रुवारीत, ॲडमिरल वॉटसनबरोबर आपल्या विजयदुर्गावर चालून गेला होता. शाळेत इतिहासाचे तास मी ऐकले होते, पण या दोन किल्ल्यांमध्ये एकच माणूस उभा आहे हे मला तिथे राहायला गेल्यावर कळलं.

त्या वर्षी शाळा मिळाली नाही. ट्रंकेत घालून नेता येईल असं काम हवं, हे मी मनाशी पक्कं केलं, आणि पुण्यात संगणकाच्या कामात असलेल्या मामेभावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, क्लास लावू नकोस. एक कॅल्क्युलेटर बनव. बटणांचा नाही. ओळ टाइप करायची, कंसासकट, आणि त्याने ती वाचून उत्तर द्यायचं. पायथनमध्ये कर. आणि हो, इव्हॅल वापरायचं नाही."

इव्हॅल ही पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली तयार सोय. तिला गणिताची ओळ दिली की ती उत्तर देते, एका दमात. ती वापरली असती तर माझं काम पाच मिनिटांत संपलं असतं आणि मला काहीच आलं नसतं. त्याची ती एक अट माझ्या पुढच्या दीड वर्षाच्या शिक्षणाचा पाया ठरली.

पहिली अडचण अगदी पहिल्याच पायरीवर आली. मला वाटत होतं, १२ + ५ टाकलं की संगणकाला बारा दिसतात. त्याला दिसतो एक, मग दोन, मग मोकळी जागा, मग अधिकची खूण, पुन्हा मोकळी जागा, मग पाच. सुटी सुटी चिन्हं. त्यातला १ आणि २ एकत्र घेऊन बारा करायचे, मोकळ्या जागा टाकून द्यायच्या आणि खुणा वेगळ्या काढायच्या, हे सगळं आपण सांगायचं. याला टोकन पाडणं म्हणतात. धान्य निवडण्यासारखंच काम, फक्त सुपात अक्षरं.

संध्याकाळी मुलाला घेऊन मी प्रिन्सेप घाटावर जायची. किल्ल्याला लागूनच आहे, उंच खांबांचा पांढरा मंडप, १८४० च्या दशकात बांधलेला, आणि डोक्यावर विद्यासागर सेतूच्या तारा. जेम्स प्रिन्सेप कोलकात्याच्या टांकसाळीत नाण्यांचा कस बघायचा आणि उरलेल्या वेळात जुन्या शिलालेखांशी झटायचा. सांचीच्या दगडांवरचे छोटे छोटे लेख त्याच्यासमोर होते. लिपी वाचता येत नव्हती, पण बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात आणि शेवटच्या अक्षरावर टिंब आहे, एवढं त्याला दिसलं. माणसं स्तूपाला काय देतील? त्याने ताडलं की तो शब्द 'दानं' असणार. १८३७ साली ब्राह्मीचं दार त्या एका शब्दाने उघडलं. घाटाच्या पायरीवर बसून मी याचा विचार करायची. अर्थ कळायच्या आधी त्याने शब्द कुठे संपतो ते पाहिलं होतं. माझा प्रोग्रॅमही तिथेच अडला होता, आणि मला वाटलं की मी काही क्षुल्लक कामाला लागलेली नाही.

टोकनं पाडून झाली. आता हिशेब. इथे मला अजिबात चिंता नव्हती, कारण हा माझा विषय. महाराष्ट्रात शिकलेल्या प्रत्येकाला 'कंचेभागुबेव' पाठ असतं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मी ते फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. प्रोग्रॅमही मी तसाच लिहिला. टोकनांची यादी घ्यायची आणि तिच्यावरून सहा वेळा फिरायचं. पहिल्या फेरीत कंस सोडवायचे, मग चे, मग सगळे भागाकार, सगळे गुणाकार, सगळ्या बेरजा आणि शेवटी सगळ्या वजाबाक्या. प्रत्येक फेरीत खूण सापडली की तिच्या डावी-उजवीकडचे आकडे घ्यायचे आणि तिघांच्या जागी उत्तर ठेवायचं.

१० − ४ + ३. बेरजेची फेरी आधी आली. तिला ४ + ३ दिसले, तिने त्यांच्या जागी ७ ठेवले. मग वजाबाकीची फेरी. १० − ७. उत्तर ३.

प्रोग्रॅमने काही चुकवलं नव्हतं. मी जे सांगितलं होतं तेच त्याने केलं होतं.

ती मुलगी सहावीत होती. हजेरीत एकतिसावी, खिडकीजवळ बसायची, अक्षर बारीक आणि सरळ. चाचणीत असंच उदाहरण होतं. तिने आधी बेरीज केली होती, पायऱ्या नीट एकाखाली एक लिहिल्या होत्या, आणि उत्तर चुकलं होतं. मी लाल पेनने फुली मारली. ती पेपर घेऊन टेबलाशी आली आणि म्हणाली, "बाई, बे आधी येतो ना? मग व." मी म्हणाले, "डावीकडून सोडवत जायचं असतं. नीट बघ." पाठीमागे आणखी दहा-बारा जण पेपर घेऊन उभे होते. तिने मान हलवली आणि ती जागेवर जाऊन बसली.

फळ्यावरचा नियम तिने पाळला होता. मशीननेही तोच पाळला होता. नियम मी दिला होता. उत्तर काय यायला हवं ते मला माहीत होतं, पण ते मला माहीत होतं म्हणून मी नियमातलं भोक कधी पाहिलंच नव्हतं. इतक्या वर्षांत बाकीची मुलं बरोबर उत्तर काढत होती ती नियमामुळे नव्हे, तर माझा हात फळ्यावर कसा फिरतो ते बघून. जिने हाताकडे न बघता शब्दावर विश्वास ठेवला, तिला मी शून्य दिलं. त्या रात्री मी लॅपटॉप मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी कंचेभागुबेव उलटंपालटं करून पाहिलं. एक गोष्ट हाती लागली ती गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. भागाकार आधी आणि गुणाकार नंतर केला तर काही बिघडत नाही. १२ × ६ ÷ ३ मध्ये आधी ६ ÷ ३ केलं तरी चोवीसच, डावीकडून गेलं तरी चोवीसच. तसंच वजाबाक्या आधी उरकून मग बेरजा केल्या असत्या, तर तेही बरोबर आलं असतं. १० − ४ आधी, मग त्यात ३. म्हणजे नियमाचा 'भागु' हा तुकडा सुरक्षित आहे आणि 'बेव' हा तुकडा नाही. 'वबे' असता तर माझी ती विद्यार्थिनी बरोबर आली असती. खरं तर बेरीज आणि वजाबाकी एकाच पंक्तीच्या. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही, डावीकडून जो भेटेल तो. गुणाकार-भागाकाराचंही तसंच. पाठ करायला सोपं व्हावं म्हणून आपण एकाच पायरीवर बसलेल्यांना वर-खाली बसवलं.

मामेभावाला सांगितलं तर तो म्हणाला, "आता फेऱ्या सोड. व्याकरण लिही." संगणकाच्या भाषांनाही व्याकरण असतं, आणि ते नियमांनी लिहायची रीत अल्गोल नावाच्या भाषेसाठी १९६० च्या सुमारास जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांच्या नावाने रूढ झाली. पुढे १९६७ मध्ये पीटर इंगरमन याने सुचवलं की पाणिनीचं नावही या पद्धतीला जोडलं पाहिजे, कारण असलं काम त्याने फार पूर्वी करून ठेवलं आहे. हे वाचून बरं वाटलं, पण प्रोग्रॅम काही त्याने चालेना.

माझा पहिला नियम असा होता: पदावली म्हणजे एक पद, मग खूण, मग उरलेली पदावली. दिसायला देखणा. उरलेली पदावली स्वतःलाच बोलावून सोडवायची, एका डब्यात दुसरा डबा. मोठ्या आशेने १० − ४ + ३ टाकलं. उत्तर ३. वेगळ्या वाटेने जाऊन मी त्याच खड्ड्यात पडले होते. १० − ४ − ३ टाकलं तर ९ आले. कागदावर मांडल्यावर कळलं. पहिले दहा बाजूला ठेवून तो 'उरलेलं' सगळं आधी सोडवत होता. ४ − ३ म्हणजे १, मग १० − १. मी न लिहिलेला कंस त्याने उजवीकडे घातला होता.

दोन दिवस मी पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना तेवढाच एक विचार करत होते. आणि मग तो शब्दच मला दिसला. पदावली. पदांची आवली. आवली म्हणजे ओळ, दिव्यांची दीपावली तशी पदांची पदावली. 'खालील पदावली सोडवा' हे मी प्रत्येक प्रश्नपत्रिकेत लिहिलं होतं, आणि व्याकरणाचा नियम त्या शब्दाच्या पोटात होता. पदावली ही डब्यातला डबा नाही. ती ओळ आहे. पहिलं पद उचल, मग पुढे खूण आहे तोवर चालत राहा. अधिक दिसलं तर पुढचं पद मिळव, वजा दिसलं तर काढून टाक, आणि हातात आलेलं घेऊन पुढे हो. प्रोग्रॅममध्ये त्याच्या जेमतेम सहा ओळी झाल्या. तसंच प्रत्येक पद म्हणजे अवयवांची ओळ, गुणिले-भागिलेने जोडलेली. आणि अवयव म्हणजे एकतर संख्या, नाहीतर कंस. कंसाच्या आत पुन्हा अख्खी पदावली. डब्यातला डबा इथे लागतो, फक्त इथे.

१० − ४ + ३. नऊ.

मी उठून चहा केला. आनंद एवढा झाला होता की साखर दोनदा घातली गेली, तरी तो चहा मी शेवटपर्यंत प्यायले.

यानंतर मी कॉलेज स्ट्रीटला गेले. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांवर कर्निहान आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक मिळालं, आधीच्या मालकाने पेन्सिलीने खुणा केलेलं. त्यात चौथ्या प्रकरणात एक कॅल्क्युलेटर आहे, पण तो आपल्यासारखं लिहिलेलं वाचत नाही. त्याला १० − ४ सांगायचं असेल तर १०, ४, − असं द्यावं लागतं. आकडे आधी, करायचं काय ते शेवटी. यान वुकाशेविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात चिन्ह आधी लिहायची पद्धत काढली होती, तिची ही उलटी बाजू. फायदा असा की कंस लागतच नाहीत. पुस्तक सांगत होतं की हे प्रोग्रॅममध्ये उतरवायला सोपं.

मला ते वाचायलाही अवघड वाटेना. मी ते मोठ्याने वाचलं. दहा, चार, वजा. म्हणजे दहातून चार वजा कर. मराठीत आपण असंच तर बोलतो! करायचं काय ते आपण शेवटी सांगतो. 'दहातून चार वजा कर, आलेल्यात तीन मिळव.' या वाक्यात कुठे कंस आहे? कुठे शंका आहे? आणि दुसरं गणित असतं तर बोलणंही दुसरं झालं असतं: 'चारात तीन मिळव, ते दहातून वजा कर.' कानाने ऐकलं तर सहावीतलं कुठलंही मूल गोंधळणार नाही. गोंधळ कागदावर आहे. अधिक-वजाच्या खुणा दोन आकड्यांच्या मध्ये मांडायची रीत युरोपातून आली, आणि ती वाचताना आपलं प्रत्येक मूल नकळत एका वाक्यरचनेतून दुसरीत जात असतं. आम्ही शिक्षक त्याला फक्त सहा अक्षरांचा मंत्र देतो आणि मधला रस्ता त्याचा त्याने शोधायचा.

असा प्रोग्रॅम, जो लिहिलेलं वाचतो आणि लगोलग करून दाखवतो, त्याला इंग्रजीत इंटरप्रिटर म्हणतात. मराठीत त्याला चांगला जुना शब्द आहे, दुभाषी. त्या दिवशी मला कळलं की मी दुभाषी लिहिते आहे.

आणि मी राहत होते फोर्ट विल्यममध्ये. मराठीच्या अभ्यासात या नावाचं कॉलेज कुठेतरी भेटतंच. ईस्ट इंडिया कंपनीच्या तरुण गोऱ्या नोकरांना देशी भाषा शिकवायला वेलस्ली याने १८०० साली ते काढलं. मी भाबडेपणाने किल्ल्यात त्याची इमारत शोधली. ती तिथे नव्हती. कॉलेज शहरात, लालदिघीजवळच्या रायटर्स बिल्डिंगमध्ये भरायचं. नाव तेवढं किल्ल्याचं. तिथे विल्यम केरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा. मदतीला वैजनाथ शर्मा नावाचे पंडित होते. केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापलं गेलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश, ज्यातले मराठी शब्द मोडी अक्षरांत आहेत. मोडी ही हाताने झरझर लिहायची लिपी, तिचे सुटे खिळे पाडणं म्हणजे काय काम असेल! एका सुट्टीच्या दिवशी हावड्याहून लोकल पकडून आम्ही श्रीरामपूरला गेलो. नदीकाठी उभी राहून मी वैजनाथ पंडितांचा विचार करत होते. आपल्या भाषेचे नियम आपल्याला ठाऊक असतात, पण परक्याने विचारल्याशिवाय ते शब्दांत आणावे लागत नाहीत. त्यांना केरीने विचारलं, मला एका मशीनने.

खिळ्यांचं दुखणं मलाही भेटलं. चारी क्रिया चालायला लागल्यावर मी नव्या व्याकरणात कंचेभागुबेवमधला 'चे'ही घ्यायचं ठरवलं. हा शब्दाच्या रूपातला गुणाकाराचा आदेश. '२४ ÷ ६ × २' याचं उत्तर आठ, पण '२४ ÷ ६ चे २' याचं दोनच, कारण 'चे' भागाकाराच्या आधी बांधला जातो. व्याकरणात त्याला स्वतंत्र पायरी दिली. ओळ टाकली. प्रोग्रॅम म्हणाला, अनोळखी खूण. बघितलं तर त्याने 'चे'चे दोन तुकडे केले होते. च त्याला कळला. मात्रा त्याला कळली नाही. पायथनमध्ये 'हे अक्षर आहे का' असं विचारायची सोय आहे, तिला च विचारला तर ती हो म्हणते, काना-मात्रा-वेलांटी विचारली तर नाही म्हणते, कारण युनिकोडच्या वर्गवारीत त्या अक्षरं नाहीत, अक्षराला लागणाऱ्या खुणा आहेत. इंग्रजी शब्दांना हा त्रास नाही. आपला साधा 'डाळ' शब्दही तिथे मोडतो. ड उचलला जातो आणि काना अनाथ होतो. मग दुसरी सोय सापडली, जी 'हा अख्खा शब्द नाव म्हणून चालेल का' असं विचारते. तिला मात्रा चालतात. एक एक अक्षर विचारण्याऐवजी आतापर्यंत जमलेला शब्द तिच्यापुढे धरायचा, असा बदल केला आणि 'चे' जोडून आला. अर्धा दिवस गेला एका मात्रेपायी, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

अंकांच्या बाबतीत मात्र सुखद धक्का होता. १२ देवनागरीत टाकले तरी पायथन त्याला बारा समजतो, काही न सांगता. आणि बंगाली अंकही. हे कळलं त्यामागे खिदिरपूरच्या बाजारातली एक चिठ्ठी आहे. नवी नवी असताना वाण्याने हिशेबाची चिठ्ठी दिली, तीत एका जिनसेपुढे ८० दिसले. मी ऐंशी धरून पैसे दिले. त्याने चाळीस रुपये परत केले, आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "एटा चार, बौदी." बंगाली चार हुबेहूब इंग्रजी आठासारखा दिसतो. त्यानंतर बरेच महिने मी चिठ्ठ्या घरी आणून बंगाली कळफलकाने जशाच्या तशा प्रोग्रॅममध्ये टाकायची. माझी नजर चुकायची, पण त्याला प्रत्येक अंकाची किंमत पक्की ठाऊक होती. त्या चिठ्ठ्यांवरच मी बंगाली अंक शिकले.

आता शेवटचा टप्पा राहिला होता, आणि तो मामेभावाने नव्हे, मी ठरवला. प्रोग्रॅमने उत्तर लगेच काढण्याऐवजी आधी पदावलीचं झाड बनवायचं. मधल्या खुणेचा बुंधा, दोन्हीकडे फांद्या, टोकांना आकडे. मग झाड खालून वर वाचायचं, दोन्ही फांद्या आधी, बुंधा शेवटी. असं वाचलं की आपोआप मराठीचा क्रम येतो. मी त्याला बोलायला शिकवलं.

१० − ४ + ३ टाकलं की तो लिहायचा: '१० मधून ४ वजा करा, ६. ६ मध्ये ३ मिळवा, ९.'

१० − (४ + ३) टाकलं की: '४ मध्ये ३ मिळवा, ७. १० मधून ७ वजा करा, ३.'

चुकीच्या ओळीला नुसतं 'चूक' म्हणायचं नाही, हेही मी तेव्हाच ठरवलं. कंस उघडा राहिला तर कितव्या जागी उघडला ते सांगायचं. दोन खुणा लागोपाठ आल्या तर 'या दोन खुणांच्या मध्ये संख्या हवी होती' असं लिहायचं. उत्तर काढणाऱ्या भागापेक्षा या वाक्यांवर माझे जास्त दिवस गेले. लाल फुली मारायला एक क्षण पुरतो. कुठे आणि का चुकलं ते सांगायला आपल्याला आधी त्या मुलाच्या वाटेने चालत जावं लागतं.

आमच्या जिन्यावर पाच-सहा मुलं होती. एक गढवाली, दोघी बहिणी तमिळ, एक बंगाली, एक नेपाळी बोलणारा, आणि माझा मुलगा. दुपारी ती आमच्याकडे जमायची. त्यांच्यासाठी वाक्यं हिंदीत केली: '१० में से ४ घटाओ.' तमिळ बहिणींच्या आईने सांगितलं की त्यांच्याकडेही क्रियापद शेवटीच येतं. मग लक्षात आलं की त्या जिन्यावरच्या सगळ्याच भाषांमध्ये ते शेवटी येतं. मुलांनी एक खेळ काढला. एकाने पदावली लिहायची, दुसऱ्याने प्रोग्रॅमच्या आधी ती तोंडाने बोलून दाखवायची. जो कंस न चुकता बोलेल तो जिंकला. गढवाली मुलाला गणिताची भीती होती, पण या खेळात तो सगळ्यांना भारी पडायचा, कारण त्याला बोलायला आवडायचं. त्यांनी शोधलेल्या चुका वेगळ्याच. कोणी वजा पाच नुसतेच टाकले आणि प्रोग्रॅम कोसळला, कारण वजाच्या डावीकडे काही असलंच पाहिजे असं मी गृहीत धरलं होतं. कोणी शून्याने भागलं. कोणी शंभर कंस उघडून ठेवले. प्रत्येक चूक दुरुस्त केली की ती ओळ आणि तिचं खरं उत्तर मी एका यादीत लिहून ठेवायची, म्हणजे पुढचा कुठलाही बदल केला की सगळी यादी पुन्हा तपासून बघता येई.

२०१९ मध्ये बदली झाली. ट्रंका पुन्हा निघाल्या. लॅपटॉप मी ट्रंकेत ठेवला नाही, मांडीवर घेऊन प्रवास केला.

आता आम्ही पुण्यात आहोत. मी पगाराच्या हिशेबांचे नियम लिहिणाऱ्या एका कंपनीत काम करते. तिथे माणसं आपापली सूत्रं टाइप करतात, मूळ पगाराचे इतके टक्के, त्यातून हे वजा, आणि कुणाच्या सूत्राचा अर्थ दोन प्रकारे लागत असेल तर पगार दोन प्रकारे निघतो. मुलाखतीत केलेलं काही दाखवा म्हणाले तेव्हा माझ्याकडे दाखवायला हा एकच प्रोग्रॅम होता. त्यांनी त्यातली चुकांची यादीच जास्त वेळ वाचली.

२०२५ च्या फेब्रुवारीत बातमी आली की फोर्ट विल्यमला आता विजयदुर्ग म्हणतात आणि तिथल्या सेंट जॉर्ज गेटला शिवाजी गेट. नवऱ्याने बातमी वाचून दाखवली आणि म्हणाला, "अगं, आपण विजयदुर्गात राहिलो होतो." मी त्या रात्री जुनं फोल्डर उघडलं. यादीत आता चारशेच्या वर ओळी आहेत. जिन्यावरच्या मुलांच्या, वाण्याच्या चिठ्ठीच्या, अलीकडच्या पगारांच्या. प्रत्येक ओळीपुढे पदावली, उत्तर, आणि ती चूक कुणामुळे सापडली त्याची नोंद. पहिली ओळ कधी हलवलेली नाही. १० − ४ + ३, उत्तर ९, आणि नोंदीच्या जागी: सहावी, हजेरी क्रमांक ३१.